वर्कर्स कॉम्प मिटवताना पुढच्या उपचारांचा हिशेब आधी करा

कॅलिफोर्नियात कामावर दुखापत होते, वर्कर्स कॉम्पचा, म्हणजे कामावरच्या दुखापतींसाठी मालकाकडे असलेल्या विम्याचा, क्लेम मान्य होतो, वर्ष-दीड वर्ष उपचार चालतात आणि मग एक दिवस ॲडजस्टर, म्हणजे क्लेम सांभाळणारा इन्शुरन्स कंपनीचा माणूस, विचारतो, "सेटल करून टाकायचं का?" तो आकडा ऐकल्याऐकल्या मनात रुपयांत गुणू नका. पैसे डॉलरमध्ये मिळणार, तसा खर्चही डॉलरमध्येच होणार. आणि त्या आकड्यात बहुधा तुमच्या पुढच्या सगळ्या आयुष्यातले त्या दुखण्याचे उपचार विकत घेतलेले असतात.

मिटवण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्याला सगळे 'स्टिप्स' म्हणतात. यात कायमचं अपंगत्व किती टक्के ते ठरतं, त्याचे पैसे दर दोन आठवड्यांनी मिळतात आणि त्या दुखण्याचे पुढचे उपचार इन्शुरन्स कंपनीच्या खर्चाने चालू राहतात. दुखणं वाढलं तर दुखापतीच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत केस पुन्हा उघडता येते. दुसरा मार्ग 'कॉम्प्रमाइज अँड रिलीज', बोलण्यात 'सी अँड आर'. यात एकरकमी पैसे मिळतात आणि कंपनी मोकळी होते. पुढे ऑपरेशन निघालं तर बिल तुमचं. सी अँड आर एकदा जजने मंजूर केला की तो फिरवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून सगळी काळजी सहीच्या आधी घ्यायची.

स्टिप्समध्ये पुढचे उपचार चालू राहतात, त्याला 'ओपन मेडिकल' म्हणतात. पण ओपन मेडिकल म्हणजे मागाल ते मिळेल, असंही नाही. डॉक्टरांनी मागितलेला उपचार 'युटिलायझेशन रिव्ह्यू'मधून, म्हणजे तो गरजेचा आहे का याच्या कंपनीतर्फे होणाऱ्या तपासणीतून जातो. तिथे नकार आला तर ३० दिवसांत स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणीचा अर्ज करावा लागतो, आणि ती मुदत अनेकांच्या हातून निसटते कारण पत्र न उघडता बाजूला पडलेलं असतं. ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी सोडली तर एका दुखापतीसाठी फिजिओची कमाल मर्यादा २४ वेळांची आहे, कंपनीने लेखी वाढवून दिली तरच जास्त. हा त्रास खरा आहे. पण कंटाळून सी अँड आर करणं आणि हिशेब करून सी अँड आर करणं यात फार फरक आहे.

हिशेबाची सुरुवात डॉक्टरांच्या रिपोर्टपासून होते. तुमची प्रकृती 'पर्मनंट अँड स्टेशनरी' झाली, म्हणजे आता फारशी सुधारणा होणार नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, की मगच मिटवण्याची बोलणी करा. त्या रिपोर्टमध्ये पुढच्या उपचारांचा भाग असतो. तिथे नुसतं 'गरजेप्रमाणे उपचार' असं लिहिलेलं असेल तर त्यावर किंमत लावता येत नाही, आणि ज्यावर किंमत लागत नाही ते बोलणीत शून्य धरलं जातं. वर्षाला किती तपासण्या, कोणती औषधं किती डोसने, इंजेक्शनं किती, एमआरआय किती वर्षांनी, ऑपरेशनची शक्यता आहे की नाही, हे सगळं डॉक्टरांकडून लिहून घ्या. क्यूएमईचा, म्हणजे वादाच्या मुद्द्यांवर तपासणी करणाऱ्या त्रयस्थ डॉक्टरांचा, रिपोर्ट मोघम असेल तर पुरवणी रिपोर्ट मागता येतो.

मग कागद घ्या. पद्धत कळावी म्हणून एक नमुना: वय ४५, कंबरेचं दुखणं. वर्षाला डॉक्टरांच्या ४ भेटी, प्रत्येकी १५० डॉलर, म्हणजे ६००. औषधं महिन्याला ८०, वर्षाचे ९६०. इंजेक्शनं २, प्रत्येकी १,२००, म्हणजे २,४००. पाच वर्षांतून एक एमआरआय १,००० डॉलरचा, म्हणजे वर्षाला २००. एकूण ४,१६०. अजून ३२ वर्षांचं आयुष्य धरलं तर १,३३,१२० डॉलर. त्यात एका ऑपरेशनचे ९०,००० मिळवा, झाले २,२३,१२०. अशा माणसाला ६०,००० चा आकडा सांगितला, तोही अपंगत्वाचे पैसे धरून, तर तो किती अपुरा आहे ते एका नजरेत दिसतं. तुमचे खरे भाव तुमच्या बिलांवरून घाला, पण एक लक्षात ठेवा: इन्शुरन्स कंपनी सरकारी दरपत्रकाप्रमाणे पैसे देते. क्लेम बंद झाल्यावर तुम्हाला तोच दर मिळेल याची खात्री नाही, रोखीचा दर बहुतेक ठिकाणी जास्तच असतो. नोकरीतल्या हेल्थ इन्शुरन्सवर भिस्त ठेवायची असेल तर आधी पॉलिसी वाचा, बऱ्याच पॉलिसींतून कामावरच्या दुखापती वगळलेल्या असतात.

मेडिकेअर, म्हणजे ६५ वर्षांवरच्या आणि काही अपंग लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, असेल किंवा लवकरच मिळणार असेल तर आणखी एक पायरी येते, मेडिकेअर सेट-असाइड. कामावरच्या दुखापतीचा खर्च आधी वर्कर्स कॉम्पच्या पैशांतून व्हावा, मेडिकेअर त्यानंतर, असा नियम आहे. म्हणून सेटलमेंटमधली काही रक्कम फक्त त्यासाठी बाजूला ठेवायची. तुम्ही आज मेडिकेअरवर असाल आणि सेटलमेंट २५,००० डॉलरच्या वर असेल, किंवा पुढच्या ३० महिन्यांत मेडिकेअर मिळण्याची रास्त शक्यता असेल आणि एकूण सेटलमेंट अडीच लाख डॉलरच्या वर असेल, तर सीएमएस, म्हणजे मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं, ही रक्कम तपासून देतं. वय साडेबासष्ट झालेलं असणं किंवा सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व लाभासाठी अर्ज केलेला असणं, हे त्या 'रास्त शक्यते'त येतं. आकडा या मर्यादेच्या आत आहे म्हणून मेडिकेअरचा विचारच करायचा नाही, असा अर्थ मात्र काढू नका. मर्यादा फक्त तपासणीसाठी आहे.

सेट-असाइडचे पैसे वेगळ्या, व्याज देणाऱ्या बँक खात्यात ठेवायचे. त्यातून खर्च फक्त त्याच दुखापतीचा, आणि फक्त मेडिकेअर ज्याचे पैसे देते अशाच उपचारांचा. मेडिकेअरचा हप्ता, दवाखान्याला जायचा पेट्रोलखर्च, वकिलाची फी यांतलं काही त्यातून भरता येत नाही. दरवर्षी हिशेबाचं प्रमाणपत्र पाठवायचं. पैसे भलतीकडे गेले तर तेवढी रक्कम योग्य उपचारांवर खर्च झाल्याचं दाखवेपर्यंत मेडिकेअर त्या दुखण्याची बिलं नाकारू शकते. घराच्या डाउन पेमेंटला 'तात्पुरते' वापरलेले पैसे इथे फार महागात पडतात.

आता सी अँड आरचा फॉर्म. सर्वांत आधी शरीराचे कोणते भाग लिहिलेत ते बघा. क्लेम मनगटाचा असेल आणि मसुद्यात खांदा, मान, पाठ घुसवली असेल तर न मिळालेल्या पैशांत तुम्ही तेही सोडून देताय. पुढे मुद्द्यांची यादी असते आणि प्रत्येकासमोर तुमची इनिशियल्स करायची जागा. 'फ्यूचर मेडिकल ट्रीटमेंट' या ओळीपुढे इनिशियल्स केली की पुढच्या उपचारांचा हक्क तुम्ही सोडलात. दहा-बारा चौकोन पटापट भरायला सांगतात तेव्हा या ओळीवर पेन थांबवा. सही दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर किंवा नोटरीसमोर होते.

कबूल रक्कम आणि हातात येणारी रक्कम वेगळी असते. आधी दिलेले अपंगत्वाचे पैसे, वकिलाची फी, जी बहुधा १५ टक्क्यांपर्यंत असते आणि जज ठरवतो, आणि लीन, म्हणजे सेटलमेंटच्या पैशांवर इतरांनी लावलेला हक्क, असतील तर ते, असं सगळं त्यातून जातं. ईडीडी, म्हणजे आजारपणात किंवा बेकारीत भत्ता देणारं राज्याचं खातं, यांच्याकडून त्याच काळात पैसे घेतले असतील तर त्यांचा लीन असू शकतो. लीन कोण भरणार हे करारात स्पष्ट लिहून घ्या. पुन्हा प्रशिक्षणासाठीचं ६,००० डॉलरचं व्हाउचर मात्र २०१३ पासूनच्या दुखापतींमध्ये असं विकून टाकता येत नाही, ते लागू असेल तर वेगळं मिळतं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी एक कागद विशेष जपून वाचावा. सी अँड आरसोबत बरेचदा राजीनाम्याचं पत्र येतं. नोकरी संपली की जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. एरवी क्लेमचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही, कागदपत्रं नसलेल्या कामगारालाही तो आहे.

कायमचं भारतात परतायचं ठरलं असेल तर सी अँड आर बहुतेकदा सोयीचा ठरतो, कारण पुण्यातल्या डॉक्टरांचे उपचार कॅलिफोर्नियातल्या रिव्ह्यूमधून मंजूर करून घेणं अवघड जातं. पण मेडिकेअर भारतातले उपचार देत नाही, आणि चार वर्षांनी मुलांकडे परत यायचा विचार असेल तर हिशेब इथल्याच भावाने करा.

आई-वडील किंवा इंग्रजीत अडखळणारं कुणी क्लेम करत असेल तर वैद्यकीय तपासणीला आणि सुनावणीला दुभाषा मागा. मराठी दुभाषाही मागता येतो, खर्च कंपनीचा. वकील नसेल तर राज्याच्या वर्कर्स कॉम्प विभागाच्या प्रत्येक जिल्हा कार्यालयात माहिती व साहाय्य अधिकारी असतो, तो फुकट मदत करतो. सहीच्या आधी मसुदा त्याच्यापुढे ठेवा, आणि आपला हिशेबाचा कागद सोबत न्या.