कोरियन मालिकांचा कट्टा कसा जमवावा

माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या वयाची मुलं परदेशी मालिका अगदी जीव लावून बघतात, पण रात्री, कानात इअरफोन घालून, एकेकटी. कॉलेजात मग त्यावरच गट पडतात आणि ज्यांनी बघितलेलं नसतं ती बाजूला राहतात. म्हणून ठाणे शहरातल्या पाचपाखाडीत आमच्या सोसायटीतल्या मुलांचा मी कट्टा जमवला. तुम्हालाही जमवायचा असेल तर हे वाचा.

पहिलं म्हणजे मालिका एकत्र बसून बघू नका. भाग आपापल्या घरी बघायचे, भेटायचं ते बोलायला. कुणाला हिंदी डबिंग लागतं, कुणाला सबटायटल्स, कुणाचा शनिवारी क्लास असतो. आणि पडदा समोर असला की तासभर कुणी कुणाशी बोलत नाही.

सुरुवात सोळा भागांच्या मालिकेने करा. कोरियात बऱ्याच मालिका आठवड्याला दोन भाग अशाच दाखवल्या जातात, तोच वेग आपण धरायचा. आठ रविवारांत मालिका पुरी होते. जूनच्या मध्यात सुरू केलीत तर गणपतीच्या आत संपते आणि परीक्षेच्या आड येत नाही. निवडण्याआधी कुणाकडे कुठलं ओटीटी आहे ते विचारा, पण ग्रुपवर नको, एकेकाला वेगळं गाठून. घरी सबस्क्रिप्शन नाही हे चारचौघांत सांगणं त्या वयात फार जड जातं. अडचण असेल तर अ‍ॅमेझॉन एमएक्स प्लेयरवर कोरियन आणि तुर्की मालिका हिंदीत, जाहिरातींसह फुकट मिळतात, त्यातली घ्या. एका रात्रीत सगळे भाग संपवणारं कुणी ना कुणी असतंच. त्याने पुढचं फोडायचं नाही, एवढा एकच नियम पुरे.

खरं काम आहे ते प्रश्नांचं. ‘कोण आवडलं?’ विचारलंत तर पाच मिनिटांत गप्पा संपतात. त्यापेक्षा प्रसंग उचलून आपल्या ठाणे शहरात आणा. नायक नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेतो, हे जुन्या कोरियन मालिकांत वारंवार दिसतं आणि मागे गोड संगीत वाजत असतं. विचारा, ठाणे स्टेशनच्या पुलावर कुणी असा हात धरला तर? आमच्याकडे या प्रश्नावर मुली भरभरून बोलल्या आणि मुलगे ऐकत राहिले. मध्ये पडून समारोप करायचा मोह मी आवरला, तुम्हीही आवरा. नात्याला शंभर दिवस झाले की ते साजरे करायची तिकडे पद्धत आहे. इथली मुलंही आता दिवस मोजतात आणि समोरच्याने मोजले नाहीत तर दुखावतात. यावरही बोलू द्या. गोऱ्या, नितळ चेहऱ्यांचा विषय मात्र मुलांनी स्वतः काढेपर्यंत थांबा.

कट्टा रुळला की ‘रिप्लाय १९८८’ घ्या. वीस भाग आहेत आणि भागही लांबलचक, म्हणून ती पहिली नको. सोलमधल्या एका गल्लीतली पाच घरं, जेवणाच्या वेळी या घरातून त्या घरात भाजी पोचवणारी मुलं. पहिल्याच भागात मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी थोरल्या बहिणीच्याच केकवर उरकला जातो आणि ती एकदाची फुटते. या भागानंतर प्रश्न विचारावाच लागला नाही. मुलं आपापल्या घरचं सांगू लागली. त्यातलं काहीही त्यांच्या आईवडलांपर्यंत पोचता कामा नये. पोचलं तर पुढच्या रविवारी कुणी येणार नाही.

मोठ्यांना यायचं असेल तर दोन्ही भाग बघून यावं. न बघता ‘त्यात काय असतं एवढं’ म्हणणाऱ्या काका-काकूंना मी नम्रपणे नाही म्हणते.

जागा शक्यतो घराबाहेरची निवडा. घरात कुणीतरी ऐकत असतं. आमच्याकडे तलावपाळीचा, म्हणजे तलावाकाठचा, कट्टा उत्तम, पण संध्याकाळी सातनंतर गर्दी होते, तेव्हा साडेपाचला भेटा. पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाका, आणि सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवा.