दोर्दोन्यचे किल्ले, गुहा आणि जुनी गावं बघायला जाताय? या चुका टाळा

नैर्ऋत्य फ्रान्समधलं दोर्दोन्य नदीचं खोरं, म्हणजे जुना पेरिगोर प्रांत, नकाशावर अगदी आटोपशीर दिसतं. म्हणून लोक हॉटेल ठरवतात, किल्ल्यांची यादी करतात आणि आदिमानवाची चित्रं असलेल्या गुहा शेवटच्या दिवसावर ढकलतात. खरं तर उलट करायला हवं. किल्ल्यावर तासभर उशिरा पोचलात तरी बिघडत नाही, गुहेची वेळ मात्र ठरलेली असते आणि जागा थोड्या. आधी गुहेचं तिकीट काढा, बाकीचे दिवस त्याभोवती बसवा.

या चित्रगुहांपैकी सगळ्यात जास्त निराशा लास्कोला होते. १९४० च्या सप्टेंबरात चार मुलांना सापडलेली मूळ गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे. पर्यटकांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि दिव्यांचा उजेड यांमुळे भिंतींवर शेवाळ चढू लागलं होतं. तिथल्याच मोंतिन्याक गावात आज आपण बघतो ती २०१६ साली खुली झालेली प्रतिकृती. ‘नक्कलच ना’ म्हणून ती गाळू नका. खडकाचे उंचवटे वापरून चित्रकाराने बैलाला पोट आणि खांदा कसा दिला, ते तिथे निवांत कळतं. पण खऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं असेल तर लेझेझी गावाजवळची फों-द-गोम गुहा गाठा. तिथले रंगीत गवे मूळचे आहेत, लहान गटांनाच आत सोडतात, आणि हंगामात ऐनवेळी तिकीट मिळणं कठीण. घरातल्या मोठ्यांचे गुडघे दुखत असतील तर रूफिन्याकची गुहा उत्तम: छोट्या विजेच्या गाडीत बसून मॅमथची चित्रं बघता येतात. हिवाळ्यात मात्र ही गुहा बंद असते.

गुहांत उन्हाळ्यातही तापमान १३ अंशांच्या आसपास राहतं. ऑगस्टच्या उन्हातून टी-शर्टवर आत गेलात तर पुढचा पाऊण तास कुडकुडण्यात जाईल. खऱ्या गुहांत फोटोही काढू देत नाहीत.

दुसरी चूक गाडीची. बोर्दो शहराहून खोऱ्यातल्या सार्ला या जुन्या गावापर्यंत रेल्वे येते, पण पुढे किल्ल्यांकडे जाणाऱ्या बस फार तुरळक. गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या आणि उजव्या बाजूने चालवायची तयारी ठेवा. गावाबाहेरच्या वाहनतळावर गाडी लावून चालत चढा. मध्ययुगीन गल्ल्यांत ती घालण्यात शहाणपण नाही. बुधवारी आणि शनिवारी सार्लात बाजार भरतो. शनिवारी उशिरा पोचणाऱ्यांना गाडी लावायला जागा शोधतच फिरावं लागतं.

जेवणाची वेळ १२ ते २. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. शाकाहारी मंडळींनी बटाट्यालाही विचारून हात लावावा, कारण सार्लाची प्रसिद्ध बटाट्याची भाजी बदकाच्या चरबीत परततात! त्यापेक्षा बाजारातून पाव, अक्रोड, स्ट्रॉबेरी आणि बकरीच्या दुधाचं काबेकू चीज घ्यावं आणि नदीकाठी बसून खावं. चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) असू शकतं, कडक शाकाहारींनी तेही विचारावं.

किल्ल्यांची घाई करू नका. कास्तेलनो आणि बेनाक नदीच्या दोन काठांवर आहेत. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या मध्ययुगीन शतवार्षिक युद्धात कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूला होता, बेनाक फ्रेंचांच्या. कास्तेलनोच्या तटावरून बेनाक दिसतो, तेव्हा ही नदी सरहद्द कशी होती ते लगेच ध्यानात येतं. कास्तेलनोत धोंडे फेकणारी यंत्रंही उभारली आहेत, मुलं तिथून हलत नाहीत. त्याच दुपारी नदीकाठच्या ला रोक-गाजाक गावाहून तासाभराची नावेची फेरी बसते; तिसरा किल्ला कोंबू नका.

आणि मोंपाझिए वगळू नका. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ मध्ये वसवलेलं हे गाव सरळ काटकोनी रस्त्यांचं, मधोमध कमानींचा चौक असलेलं. सार्लाकडून ते बाजूला पडतं म्हणून बरेच जण सोडतात. परतीचं विमान बेर्जराकहून असेल, तर शेवटच्या सकाळी वाट थोडी वाकडी करून जाता येतं.