मिडीच्या बासरीत मींड कशी आणायची

कॉम्प्युटरवर मिडीने (सूर कसे वाजवायचे याच्या सूचना देणारी पद्धत) भजनाचा ट्रॅक बनवून दिला की गायकांची तक्रार ठरलेली: "सूर-ताल बरोबर आहे हो, पण मशीन वाजतंय." यावर बरेच जण ह्यूमनाइझचं बटण दाबून मोकळे होतात. मी त्याच्या वाटेला जात नाही. ते सुरांना आंधळेपणाने मागेपुढे सरकवतं, वादक मात्र जोर कुठे द्यायचा ते ठरवून देतो.

आधी ठेका उरकून घ्या. केरव्याच्या 'धा गे ना ति, न क धि ना' या आठही मात्रांना एकच व्हेलॉसिटी, म्हणजे आघाताचा जोर, नको. समेच्या (पहिल्या मात्रेच्या) धाला ११० दिलीत तर 'गे'ला ७५ आणि 'क'ला ५५ पुरे. सम ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या मात्रेच्या रेघेवर, चोख ठेवा, 'ना' मात्र दहाबारा टिक मागे घ्या. मात्रेला ४८० टिक आणि टेम्पो १२० असेल तर एक टिक म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद, त्यामुळे ताल चुकल्यासारखा वाटत नाही, ठेका जरा ऐसपैस होतो.

खरी मेहनत बासरीवर, तिच्या मींडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यावर. समजा भूप रागातली ओळ आहे आणि पंचमावरून गंधारावर यायचंय. प आणि ग वेगवेगळे दाबलेत की झाली पेटी! त्याऐवजी पंचमाचाच एक लांब सूर घ्या आणि पिच बेंडने (वाजता सूर वर-खाली सरकवणाऱ्या कंट्रोलने) खाली आणा. बेंडची रेंज बहुतेक ठिकाणी मुळात दोन सेमीटोन असते आणि इथे लागतात तीन, म्हणून इन्स्ट्रुमेंटमध्ये ती १२ करा. मध्यापासून खाली ८१९२ पायऱ्या असतात, त्या बारांत वाटून त्यातले तीन वाटे घेतले की उणे २०४८ वर गंधार लागतो. सरळ रेघ मात्र ओढू नका, सायरन वाजेल. पंचमावर क्षणभर रेंगाळा, मधला टप्पा झपकन ओलांडा आणि गंधाराजवळ पुन्हा सावकाश व्हा. मध्ये साधारण उणे १३६५ ला शुद्ध मध्यम येतो. भूपात तो वर्ज्य, तिथे थबकलात तर जाणकार लगेच मान वर करणार.

पुढच्या सुराआधी बेंड शून्यावर आणायला विसरू नका, पण गंधार पूर्ण विरल्यावरच, नाहीतर विरता विरता सूर उडी मारतो. बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, तेव्हा तानपुरा वेगळ्या चॅनेलवर हवा.

आता फुंक. बासरीच्या बऱ्याच लायब्ररींत (रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संचांत) व्हेलॉसिटीने फक्त सुराची सुरुवात बदलते, पुढचा चढउतार मिडीचा कंट्रोलर ११ म्हणजे एक्स्प्रेशन सांभाळतो. कंट्रोलर ७ चा व्हॉल्यूम मिक्सिंगसाठी राखून ठेवा. एक्स्प्रेशन माउसने रंगवत बसू नका. स्लायडर कंट्रोलर ११ ला जोडा, ओळ गुणगुणत तो हलवा आणि रेकॉर्ड करा. तुमचा श्वास जिथे तुटेल तिथेच सूर कापा, पाव-अर्धी मात्रा मोकळी सोडा. कंप लांब सुराच्या उत्तरार्धातच द्या आणि रिव्हर्ब (घुमारा) सगळ्यात शेवटी लावा.