शेवटच्या बाकापर्यंत शिक्षकांचा आवाज पोहोचवताना

दुसरीच्या श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना 'फळ'च्या जागी 'पळ' आणि 'खार'च्या जागी 'कार' असे वारंवार दिसू लागले, की मी लाल पेन बाजूला ठेवते आणि ते मूल वर्गात कुठे बसते हे आधी पाहते. मूल अभ्यासात कच्चे आहे असे ठरवण्यापूर्वी त्याच्यापर्यंत शब्द पुरता पोहोचतो का, हे तपासणे शिक्षकाचे पहिले काम आहे.

स्वर ठणठणीत ऐकू येतात, पण स, फ, थ यांसारखी व्यंजने मुळातच क्षीण असल्यामुळे पंख्याच्या घरघरीत आणि शेजारच्या वर्गातील पाढ्यांच्या गजरात तीच आधी हरवतात. मोठी माणसे संदर्भावरून शब्द पुरा करतात; सात वर्षांच्या मुलाजवळ तेवढा शब्दसाठा नसतो. म्हणून मुलाच्या कानाशी शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा किमान 15 डेसिबलने वरचढ असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात.

ध्वनिवर्धक आणण्याआधी खोलीकडे पाहावे. उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे आवाज घुमत असेल, तर माईक त्या घुमण्यातही भरच घालतो. अमेरिकेतील 2002 च्या मानकानुसार साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात गोंगाट 35 डेसिबलच्या आत आणि आवाज विरण्याचा काळ 0.6 सेकंदाच्या आत असावा लागतो. आपल्याकडील रस्त्यालगतच्या किंवा पत्र्याच्या छपराच्या शाळेत हे गाठणे अवघड आहे. तरीही जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या, मागच्या भिंतीवर कापडी फलक, बाकांच्या पायांना रबरी टोप्या आणि खडखडणाऱ्या पंख्याची दुरुस्ती एवढ्यानेही फरक जाणवतो.

त्यानंतर बिनतारी माईक आणि एक-दोन स्पीकर पुरतात. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, साडीचा पदर किंवा ओढणी घासणार नाही अशा बेताने लावावा. स्पीकर फळ्याजवळ न ठेवता वर्गाच्या मध्याच्या पुढे, बाजूच्या भिंतीवर, मुलांच्या डोक्यांच्या थोडा वर बसवावा. त्याचे तोंड माईककडे असले तर शिट्टी वाजते. शेजारच्या वर्गातही माईक असेल, तर दोघांची वाहिनी वेगळी ठेवावी. आवाज सभेसारखा मोठा नको. सहकाऱ्याला पुढे उभे करून आपण शेवटच्या बाकावर बसावे, तोंडापुढे कागद धरून त्यांना दहा शब्द वाचायला सांगावे आणि ते सहज लिहिता येतील एवढाच आवाज ठेवावा. एखाद्या मुलाशी वैयक्तिक बोलताना माईक आठवणीने बंद करावा. चूक साऱ्या वर्गाला ऐकू गेली, तर ते मूल पुढे हात वर करत नाही. प्रकटवाचनाच्या वेळी माईक मुलांच्या हाती द्यावा, कारण एकमेकांचे बोलणेही त्यांना नीट ऐकायचे असते.

हीच कागदाची चाचणी मागे पडणाऱ्या मुलासाठी शांत खोलीत, एक मीटर अंतरावरून, नेहमीच्या आवाजात करावी. कागद नसताना शब्द बरोबर आणि कागद धरल्यावर चुकीचे येत असतील, तर ते ओठ वाचत आहे असा संशय घ्यावा. हे निदान नव्हे. पालकांना विश्वासात घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की त्या मुलाचा आवर्जून उल्लेख करावा. श्रवणदोष निघाला, तर वर्गातील स्पीकर हा श्रवणयंत्राला पर्याय ठरत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगावे.

अनेक मुलांच्या बाबतीत दोष कायमचा नसतो. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचले, की काही आठवडे ऐकू कमी येते आणि पुढे सुधारते. त्यामुळे हेच मूल सोमवारी हुशार आणि गुरुवारी बेफिकीर वाटते. अशा मुलाची सर्दी, कानदुखी आणि श्रुतलेखनातील चुका यांच्या तारखा एकाच पानावर लिहून ठेवाव्यात आणि तेच पान पालकांबरोबर डॉक्टरांकडे पाठवावे.