नवतपात अण्वस्त्रांवर काय वाचावं, कसं वाचावं

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते, आणि विदर्भातल्या शाळा उघडतात त्याही जूनच्या शेवटी. परराष्ट्र धोरण आणि अण्वस्त्रं या विषयाला एवढा वेळ पुरतो. तरी बहुतेकांचं वाचन पहिल्याच आठवड्यात अडतं, कारण सुरुवात रिचर्ड ऱ्होड्सच्या ‘द मेकिंग ऑफ द ॲटॉमिक बॉम्ब’नं केलेली असते. १९८६ चं हे पुस्तक अव्वल आहे, पण आधी भौतिकशास्त्र, मग बॉम्ब. तोवर कूलरच्या वाऱ्यात डोळा लागतो. ते दिवाळीत काढा.

सुरुवात जॉन हर्सीच्या ‘हिरोशिमा’नं करा. बॉम्बमधून वाचलेल्या सहा माणसांची ही हकीकत. १९४६ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’नं अख्खा अंक तिला दिला होता. दोन-तीन दुपारींत संपते. ती वाचलेली असली की पुढे ‘किलोटन’, म्हणजे स्फोटाची ताकद मोजायचं माप, नुसता आकडा राहत नाही.

यानंतर लगेच दुसरं पुस्तक नको, मूळ कागद घ्या. इंटरनेटवर फुकट मिळतात. झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा, कारण पेन्सिल लागणार आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात, म्हणजे एनपीटीत, कलमं फक्त ११. नववं आधी वाचा: १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेला देशच अण्वस्त्रधारी. चीनची चाचणी ऑक्टोबर १९६४ ची, म्हणून तो आत. आपली पोखरणची १८ मे १९७४ ची, म्हणून बाहेर. भारत सही का करत नाही, या वादाचं मूळ बरंचसं या तारखेत आहे.

मग भारताचं अण्वस्त्र धोरण: ऑगस्ट १९९९ चा मसुदा आणि ४ जानेवारी २००३ चं सरकारी प्रसिद्धीपत्रक. दोन्ही शेजारी ठेवून प्रत्युत्तराबद्दलची वाक्यं अधोरेखित करा. मसुद्यात प्रत्युत्तर ‘प्युनिटिव्ह’ आहे, म्हणजे शिक्षा देणारं; २००३ मध्ये तिथे ‘मॅसिव्ह’ आलं, प्रचंड. शिवाय ‘प्रथम वापर नाही’, म्हणजे अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही, या धोरणाला पत्रकात एक अपवाद आहे: भारतावर किंवा भारतीय सैन्यावर जैविक वा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्रांचा पर्याय खुला राहील. स्पर्धा परीक्षेच्या गाईडात ‘प्रथम वापर नाही’ एवढीच ओळ पाठ करून घेतात आणि नेमका हा अपवाद गाळतात.

आता जोडीनं वाचायची पुस्तकं. १९९८ च्या चाचण्यांनंतर भारताच्या बाजूनं बोलणी करणारे जसवंत सिंग आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टालबट १४ वेळा भेटले. टालबटचं ‘एंगेजिंग इंडिया’ (२००४) पूर्णपणे त्यावरच आहे; सिंगांच्या ‘अ कॉल टू ऑनर’मध्ये (२००६) तो एक भाग आहे. सिंगांचा भाग आधी वाचा. उलट केलं तर टालबटचा तपशील डोक्यात बसतो आणि सिंग उगाच त्रोटक वाटतात. वहीचं पान मधोमध दुमडा, डावीकडे सिंग, उजवीकडे टालबट. भेटीची तारीख आणि कोणी काय मागितलं एवढंच लिहा. सीटीबीटीवर, म्हणजे अणुचाचण्यांवर पूर्ण बंदी घालणाऱ्या करारावर, सही करण्याचा मुद्दा दोघांकडे कसा येतो ते खास पाहा. रिकाम्या राहिलेल्या जागांवर खूण करा. आत्मचरित्रात माणूस काय गाळतो ते तिथे सापडतं.

माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार शिवशंकर मेनन यांचं ‘चॉइसेस’ (२०१६) शेवटी. पाच निर्णय, पाच प्रकरणं. कुठूनही सुरू करा.

नागपूरच्या बर्डीवर जुनी पुस्तकं घेताना छपाईचं साल पाहा. इतिहास शिळा होत नाही, अस्त्रांची संख्या होते. ती सिप्री या स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेच्या वार्षिक अहवालातून घ्या, तो दर जूनमध्ये येतो. जानेवारी २०२५ चा त्यांचा अंदाज भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७०, चीनकडे ६००. समासात पेन्सिलीनं लिहा, पेननं नको.

आणि ग्रंथालयाचं पुस्तक कूलरच्या समोर उघडं ठेवू नका. ओल्या वाऱ्यानं पानं फुगतात, पुठ्ठा वाकतो, आणि परत करताना भुर्दंड तुम्हालाच.