प्रादेशिक सेनेत सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्याची बढती कुठे अडते? या चुका टाळा

भोसरीतील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात असताना माझ्याच हातून झालेल्या चुकीपासून सुरुवात करते. आमच्याकडील एक अभियंता प्रादेशिक सेनेत, म्हणजे आपली नोकरी सांभाळून अर्धवेळ लष्करी सेवा करणाऱ्यांच्या दलात (टेरिटोरियल आर्मी), अधिकारी होता. वार्षिक प्रशिक्षणाचे दोन महिने संपवून तो परतला, तेव्हा त्याच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात हजेरीच्या रकान्यापुढे 'दीर्घ गैरहजेरी' असा शेरा होता. हजेरीच्या प्रणालीत लष्करी सेवेसाठी पर्यायच नसल्यामुळे मी ते दिवस बिनपगारी रजेत टाकले होते आणि उद्दिष्ट मात्र बारा महिन्यांचेच ठेवले होते. त्या वर्षी त्याची बढती हुकली, याची खंत मला आजही आहे.

या सेवेसाठी हजेरीत स्वतंत्र नोंद ठेवावी आणि उद्दिष्ट प्रत्यक्ष कामाच्या महिन्यांपुरतेच धरावे. एवढ्याने निम्मा अन्याय दूर होतो.

दुसरी चूक कायदा अर्धवट वाचण्याची. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत कामावर घ्यावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्यातील कलम ७अ नुसार, त्याच्या नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या, त्यांपेक्षा कमी हिताच्या अटींवर त्याला घेता येत नाही. म्हणजे तुलना तो गेला त्या दिवसाच्या पगाराशी करायची नसून, तो इथेच राहिला असता तर आज जिथे असता त्या जागेशी करायची असते. मधल्या काळात सर्वांना मिळालेली वेतनवाढ त्यालाही द्यायला हवी. भविष्य निर्वाह निधीतील हक्कांसाठी कलम ७ब आहे. ते वेतन विभागाने आवर्जून वाचावे.

कर्मचाऱ्यांकडूनही एक चूक होते. शिबिराची तारीख कळूनही ती अगदी शेवटच्या आठवड्यात सांगितली जाते, मग कामाचा भार ऐनवेळी सहकाऱ्यांवर पडतो आणि मने कलुषित होतात. आदेशाची प्रत हाती येताच द्यावी आणि बदली माणसाला काम समजावून द्यावे.

सहसा कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे अंतर्गत जागांची सूचना. ती दहा दिवस फलकावर लागते आणि शिबिरातल्या माणसाला तिचा पत्ताही नसतो. आता आम्ही ती त्याच्या खासगी ईमेलवर पाठवतो आणि परतल्यावर अर्जासाठी सात दिवस देतो.