तरोटा फुलावर असताना कापू नका : वांगी उत्पादकांसाठी आश्विनातला सल्ला

घटस्थापनेच्या आसपास बांध साफ करायची घाई सगळ्यांनाच असते. कपाशीची वेचणी तोंडावर, हरभऱ्यासाठी रान मोकळं करायचं, त्यामुळे सालदाराच्या हाती विळा दिला की जे उभं दिसेल ते आडवं होतं. यंदा त्याला एवढंच सांगा, की वांग्याच्या वावरालगतचा पिवळ्या फुलांचा तरोटा अजून तीनेक आठवडे राहू दे.

तरोटा म्हणजेच टाकळा. आषाढात ज्याची कोवळी पानं खुडून आपण भाजी केली, तोच आता मांडीएवढा वाढून बांधावर, गाडरस्त्याच्या कडेला, गावालगतच्या पडीकात फुलला आहे.

या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही सहज मिळत नाही. परागकोश उभा उकलत नाही, त्याच्या टोकाला बारीकसं छिद्र असतं. सकाळी आठ-नऊच्या सुमारास बांधावर थांबून पाहा. काळा भुंगा येतो, पायांनी कोश कवटाळतो आणि पंख न फडफडवता सगळं अंग थरथरवतो. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा आवाज एकदम चढतो आणि पिवळी पूड त्याच्या पोटावर सांडते. पोटावर निळसर पट्टे असलेली लहान माशीही हेच करते. मधमाशीला ही थरथर जमत नाही.

वांग्याच्या जांभळ्या फुलाची घडण अशीच आहे, म्हणून तर हे सांगतो आहे. वांगं स्वतःच्या परागावर आणि वाऱ्यानेही फळतं, पण भुंगा फिरला की फळं जास्त धरतात आणि नीट भरतात. बामणोदच्या भरताच्या वांग्यासारखं वजनदार फळ हवं असेल, तर हा पाहुणा शिवारात टिकायला हवा. वांग्याला फुलं लागेपर्यंत त्याचं पोट तरोट्यावर भरतं. मधासाठी मात्र त्याला दुसरी फुलं लागतात, तेव्हा विहिरीजवळची तुळस फुलू द्या. लहान माशी मातीत बीळ करते, म्हणून बांध पेटवू नका. भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो. फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी करा. सकाळची फवारणी थेट या किड्यांवर पडते.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच पंप उचलू नका. बहुतेकदा त्या पिवळ्या आणि फिकट हिरवट फुलपाखरांच्या असतात. त्या तरोटा आणि त्याच्या भाऊबंदांवर वाढतात, कपाशीच्या बोंडात शिरत नाहीत. पडीकात गाजर गवत माजलं असेल, तर तिथेही तरोट्याला हात लावू नका. दाट उगवला की तो गाजर गवताला दाबतो, हे कृषी शास्त्रज्ञही सांगतात.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी मात्र माझा सल्ला उलटा आहे. केळीवरचा काकडी मोझॅक विषाणू मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीमार्फत पसरतो आणि कितीतरी तणांवर आसरा घेतो. त्यामुळे केळीच्या बागेत आणि बागेच्या कडेला कुठलंच तण नको, तरोटाही नको.

आता कापणीचं. शेंगा बारीक, लांब, विळ्यासारख्या वाकड्या असतात. त्या हिरव्या आहेत तोवरच विळा लावा. पिवळट-तपकिरी झाल्या की तडकतात, आणि ते कठीण कवचाचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. पुढच्या किती निंदण्या वाढतील याचा हिशेब तुम्हीच करा. कापलेला पाला शेणखताच्या खड्ड्यात टाका किंवा वांग्याच्या सरीत अंथरा. शेंगवर्गातला असला तरी याच्या मुळांवर गाठी येत नाहीत, त्यामुळे ताग-धैंचा या हिरवळीच्या खताच्या पिकांसारखं नत्र मिळेल असं धरून चालू नका. मिळतो तो पाल्याचा कस.

गुरं हिरवा तरोटा सहसा तोंडात घेत नाहीत, पण कडब्यात कापून मिसळला तर शेंगा आणि बी पोटात जातात, आणि ते बी जनावराला बाधतं. बांधाकडेच्या ज्वारी-बाजरीची पेंढी बांधताना तेवढा तरोटा हाताने वेगळा काढा.